विकीवरून कापलेली ओळ

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी आमच्या दैनिकाच्या लातूर कार्यालयात तालुक्याच्या बातम्या फोनवर घेणे बंद झाले. मामांच्या टेबलावरचा फोन त्याच दुपारी काढून जाहिरात विभागात नेण्यात आला.

मामा म्हणजे जिल्हा पानाचे उपसंपादक. कार्यालयात ते सगळ्यांचे मामा. सख्खा भाचा त्यात कोणी नाही. वय साठीच्या पुढे. नेमणूक वर्षावर्षाच्या कराराची, आणि तो करार दर मार्चअखेरीस नांदेडच्या मुख्य कार्यालयातून नवा होऊन येतो. त्यांच्या समोरच्या टेबलावर मी बसतो.

फोनच्या जागी विकी आली. नांदेडने तयार केलेली ही अंतर्गत साइट. प्रत्येक तालुक्याचे आणि मुरुडसारख्या मोठ्या गावाचे एक पान. ते आपल्यातल्या कोणीही उघडावे, त्यात लिहावे, दुसऱ्याने लिहिलेले दुरुस्त करावे. चाकूरच्या वार्ताहराने बाजाराची बातमी टाकली की ती लातूर आणि नांदेड दोन्हीकडे एकाच वेळी दिसे. यापुढे कोणी मोबाइलवरही बातमी सांगू नये, असे नांदेडहून आलेल्या सूचनेत होते. दोन्ही कार्यालयांना सारखीच माहिती असावी, हे कारण दिले होते. ते खरे होते. दुसरे कारण सूचनेत नव्हते. मामांना फोनवर ऐकू येईनासे झाले होते.

हे आधी चाकूरच्या वार्ताहराच्या लक्षात आले. त्याचे बी-बियाण्यांचे दुकान आहे, बातम्या तो दुकानात बसूनच देतो. पावसाळ्याच्या अखेरीस तो लातूरला आला तेव्हा मला बाहेर टपरीवर घेऊन गेला.

"मामा आजकाल दोनदा फोन करायलेत," तो म्हणाला. "पहिल्यांदा बातमी घेतेत. दुसऱ्यांदा तीच बातमी इचारतेत. मी आपला नव्यानं सांगतो."

"चुकीचं काही छापून आलं का?"

"न्हाई. म्हणून तर दोनदा करतेत."

मी नांदेडच्या संपादक मॅडमना कळवले. त्या लातूरला असताना मामांच्या हाताखाली काम शिकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना काही बोलू नका, वाईट वाटेल. विकी तशीही आणायचीच आहे. आधी लातूरला सुरू करू." ठरवणारे मॅडम, चाकूरचा वार्ताहर आणि मी, असे आम्ही तिघे होतो. मामांना विचारलेले नव्हते.

पूर्वी चाकूरचा फोन आला की मामांचा पहिला प्रश्न बातमीचा नसे. "जेवलास का?" तिकडून नकार आला की, "मग आधी जेव. उपाशी माणसाच्या बातमीत लोक जास्त मरतेत." मग बातमी, आणि बातमीनंतर ठरलेला सवाल: "तू पाहिलंस, का कुणी सांगितलं?" तालुक्यातले बहुतेक वार्ताहर या एका सवालावर तयार झाले. विकीवर बातमी नीट लिहून येई, तीत विचारण्यासारखे फारसे उरत नसे.

मामा बातम्या वाचत, मथळे देत आणि पान छपाईला सुटले की पिशवी उचलून निघत. पूर्वी ते पान सुटल्यावरही गप्पा मारत बसत. डिसेंबरात एका दुपारी चहा घेताना ते म्हणाले, "मार्चनंतर मला धरू नका."

"का, मामा?"

"फोन नेला. आता खुर्ची नेतील. त्याच्याआधी आपणच उठलेलं बरं."

तसे वाटायला आधार होता. नांदेडला आधी टायपिंगची टेबले हलवली होती, आणि पुढच्या महिन्यात त्यांवर बसणारे दोघे दिसले नाहीत. मी मान हलवून "तसं नाही" म्हणालो. खरे कारण सांगायचे तर ओरडून सांगावे लागले असते, आणि पलीकडे जाहिरात विभागातली माणसे बसली होती. ते सांगणे त्या दिवशी राहून गेले.

जानेवारीत मुरुडला नव्या वार्ताहर ताई नेमल्या गेल्या. कोणी तरी जुनीच पद्धत सांगितल्यामुळे त्या मामांच्या मोबाइलवर फोन करू लागल्या. मामा "हाव, हाव" म्हणून ठेवून देत. चाकूरच्या वार्ताहराला हे समजले. त्याने मदत म्हणून मुरुडच्या पानावर सगळ्यात वर लिहिले:

"ताई, मामांना फोन करू नका. त्यांना ऐकू येत न्हाई, पण ते कुणाला सांगत न्हाईत. आपणबी म्हणायचं न्हाई. इथंच लिहा."

मुरुडचे पान फक्त मुरुडला दिसते, असा त्याचा समज होता. ओळ दिसताच मी कापली. मॅडमचा फोन आला. "गेली ना?" मी म्हणालो, "गेली."

आम्ही दोघे कागदावर काम शिकलेले. कागदावरून कापलेले टोपलीत जाते. विकीच्या प्रत्येक पानाला मात्र 'इतिहास' असे एक बटण असते. कोणी काय लिहिले आणि कोणी काय काढले, ते सगळे तिथे राहते. मामा रोज सकाळी आल्यावर आधी तेच उघडत. याचे कारण त्यांनी नंतर सांगितले. "ठेवलेलं काय, समोरच असतंय. कापलेलं काय, ते बघावं."

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा ती ओळ मुरुडच्या पानावर परत आलेली होती. संपादन झालेले होते:

"मामांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. डाव्या कानाने येते, समोर बसून सावकाश बोलल्यास. फोनवर येत नाही. ही माहिती त्यांनी स्वतः दिली आहे."

मामांनी पडदा माझ्याकडे वळवला. "आधीची बातमी अर्धवट होती. ज्याच्याबद्दल लिहिलं त्यालाच कुणी विचारलं न्हाई." मग ते म्हणाले, "फोन यासाठी नेला?"

मी खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या हाताला बसलो आणि म्हणालो, "हाव, मामा. बाकी काही नाही. तुम्ही जाऊ नये म्हणून."

"आन् म्हणून मला घालवायलाच निघाला होता की रे, गाढवांनो," मामा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दोन चहा सांगितले.

दुपारी मॅडमनी विकीवरच त्यांना विचारले, ही नोंद बाकीच्या पानांवर लावावी का. मामांनी खाली उत्तर लिहिले, "लावा." संध्याकाळपर्यंत ती सगळीकडे लागली. त्या आठवड्यापासून बातम्यांच्या खाली मामांचे प्रश्न दिसू लागले. चाकूरच्या एका बातमीखाली वार्ताहराने उत्तर दिले आहे: "मामा, मी पाहिलं. आन् जेवून पाहिलं."

मार्चअखेरीस नांदेडहून करार आला. मामांनी तो दोनदा वाचला आणि सही केली. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, ते ताईंना समोरासमोर भेटायला एसटीने मुरुडला गेले. वार्ताहर ताईंनी त्या दिवशी तिथल्या पानावर नोंद केली:

"मामा आले होते. बाजारात बरोबर फिरलो. पाचच्या गाडीने लातूरला परत गेले."