चौदा नंबरचा गॉगल

आमच्या मालकाला सगळे कर्नल म्हणायचे. माणूस आयुष्यात कधी छावणीच्या फाटकापर्यंतही गेलेला नाही, आधी फ्रीज विकायचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पण खिशाखिशांचं हिरवं जाकीट घालून तो एअरसॉफ्टच्या मैदानावर फिरायला लागला की नवे लोक त्याला सलाम ठोकायचे, आणि हा पठ्ठ्या तो घ्यायचा. मैदान तरी कसलं, सुताचं बंद पडलेलं गोदाम. आत लाकडी आडोसे आणि टायरांचे ढीग. प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या बंदुका भाड्याने घ्यायच्या, दोन गट पाडायचे आणि तासभर एकमेकांवर झाडायच्या. छर्रा अंगाला लागला तर चिमटा काढल्यासारखं होतं. डोळ्याला लागला तर डोळा जातो.

हे शेवटचं वाक्य त्या गोदामात एकाच माणसाच्या डोक्यात सतत असायचं. ती माझी थोरली बहीण. दारावर गॉगल द्यायचं आणि तपासायचं काम तिचं.

एकदा कर्नल बड्या पाहुण्यांना घेऊन बोलत बोलत तसाच आत निघाला. ताईने हात आडवा घातला.

"गॉगल."

"अहो, मी मालक आहे."

"ते छर्र्याला कुठे माहीत आहे?"

पाहुणे खो खो हसले, कर्नललाही हसावं लागलं. तो दिवस त्याने लक्षात ठेवला. अशी माणसं उपकार विसरतात, अपमान नाही.

ताईने बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या होत्या. दुकानदार थकला, दुकान बंद झालं आणि पन्नाशीला आलेली ही बाई घरी बसली. मी गोदामात बंदुका दुरुस्त करायचो. मीच कर्नलकडे शब्द टाकला. ताईसाठी मी जन्मात केलेलं हे एकच काम, आणि ते मी तिला दर दोन महिन्यांनी ऐकवायचो.

दारावर तिचा खाक्या ठरलेला. गॉगल चढवला की कडेकडेने अंगठा फिरवायची, पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायची. "वर बघ. खाली बघ. मान झटक." जरा हलला की परत रांगेत. मैदानातून बाहेर येणाऱ्याला आधी छर्र्यांचं मॅगझीन काढायला लावायची, मग वाळूच्या पेटीत नळी धरून दोनदा चाप ओढायला लावायची. "मॅगझीन काढलं म्हणजे बंदूक रिकामी झाली, असं दोघांनाच वाटतं," ती म्हणायची, "एक नवखा आणि एक दीडशहाणा. एक छर्रा नळीत बसून राहिलेला असतो." मग खटका बंद, नळीवर कापडी टोपी, आणि चापापासून बोट लांब. एक गडी भाड्याची बंदूक हातात घेऊन रस्त्यावर फोटो काढायला निघाला होता. ताईने त्याची कॉलर धरून त्याला आत आणला. "पोलिसाला लांबून काय कळणार, खेळण्यातली आहे की खरी? त्याने डोळे बारीक करून बघेपर्यंत तू आडवा झालेला असशील. पिशवीत घाल."

लोक तिला तोंडावर चष्मेवाली म्हणायचे आणि पाठीमागे सासूबाई. मीही हसायचो. खोटं कशाला बोलू?

कर्नलने दर रविवारी मुलींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग काढला होता. त्यासाठी आणलेला उस्ताद हवेत गिरक्या घ्यायचा, चाकू हिसकावून दाखवायचा. दुसऱ्या महिन्यात तो दुसरीकडे गेला. पण पाटी तर लागली होती, मुलींची नावं आली होती. कर्नलने वर्ग ताईच्या गळ्यात मारला. ताईने पूर्वी पोलिसांच्या शिबिरात पंधरा दिवस काढले होते, आणि बावीस वर्षं दुकानाला कुलूप लावून एकटी चालत घरी आली होती. माझ्या मते दुसरं शिक्षण जास्त खरं.

तिने गिरक्या बंद केल्या. "चाकू दिसला तर हिसकावायचा नाही. पर्स मागितली तर लांब फेकायची आणि उलट्या दिशेला पळायचं. पळणं म्हणजे भित्रेपणा नाही गं, पळणं म्हणजे घरी पोचणं." मनगट धरलं तर ओढाताण करू नका, हे ती प्रत्येकीचं मनगट धरून शिकवायची. चार बोटं एका बाजूला असतात, अंगठा एकटा असतो. पकड अंगठ्यापाशी कच्ची असते. तिकडून हात फिरवून काढायचा. आणि सगळ्यात आधी ओरडायचं.

ओरडायलाच मुली लाजायच्या. त्यात एक शिकाऊ नर्स होती. हॉस्पिटलमधून घरी जाताना एक माणूस आठवडाभर तिच्या मागे येत होता, म्हणून ती वर्गात आली होती. तिच्या तोंडून आवाज म्हणून निघायचा तो मांजराच्या पिल्लाचा. तीन रविवार ताई तिच्यासमोर उभी राहून "अजून, अजून" म्हणत राहिली. चौथ्या रविवारी पोरगी "मागे हो!" म्हणून अशी ओरडली की मी टेबलाशी स्क्रू पिळत होतो, तो हातातून पडला. ताईचे डोळे भरून आले. तिने पोरीला समोरच्या टपरीवर चहा पाजला, मलासुद्धा पाजला, एवढा तिला आनंद झाला होता.

मागे येणारा माणूस एका ओरडण्यात गायब झाला. पोरीला धीर आला, मान वर झाली. ती शनिवारी दुपारी मैदानात खेळायलाही येऊ लागली. तिच्यासाठी ताई चौदा नंबरचा गॉगल बाजूला काढून ठेवायची. गॉगलांच्या पट्ट्यांवर ताईने रंगाने नंबर घातले होते. "चौदा घाल," ती म्हणायची, "सगळ्यात स्वच्छ आहे."

आता त्या स्वच्छतेचं सांगतो. सांगायचं नाही, पण सांगतो.

रोज खेळ संपला की ताई तीस गॉगल पुसायची. घामाचे डाग, तेलाची बोटं, आडोशांचा रंग. साबणाच्या पाण्याने तिचं समाधान व्हायचं नाही. काचेला एवढासा डाग राहिला तर गिऱ्हाईक परत येतं, ही दुकानातली सवय. पुसत बसायची, आणि मी बाहेर तिच्यासाठी ताटकळत उभा. आम्ही एकत्र घरी जायचो ना. एक दिवस मी वैतागलो. बंदुकीच्या आतल्या दातेरी चाकांचं ग्रीस काढायला माझ्याकडे रंगवाल्यांचा थिनर असायचा. त्यातला एका छोट्या बाटलीत ओतून तिच्या पुढ्यात आदळला. "घे. एका हातात निघेल सगळं. पुस आणि चल, मला भूक लागली आहे."

एका हातात निघालं. गॉगल लखलखले. दुकानात ती काच स्पिरिटने पुसायचीच, तिला शंका यायचं कारण नव्हतं. ती खूश, मी वेळेवर जेवायला. सात महिने.

पण गॉगलची काच काचेची नसते. प्लास्टिकची असते, आणि त्याच प्लास्टिकच्या भरवशावर डोळा असतो. त्याआधी कधीतरी माझ्या टेबलावर एका बंदुकीच्या कव्हरवर थिनर सांडला होता. कव्हर पांढुरकं पडलं आणि मी स्क्रू आवळताच तडकलं. मी ते फेकून दुसरं बसवलं होतं. मला माहीत होतं असं मी म्हणणार नाही. पण माहीत नव्हतं, असंही म्हणायला तोंड नाही.

त्या शनिवारी शिट्टी वाजली ती थांबेचना. टायरांच्या मागे पोरगी चेहरा धरून बसली होती. कर्नलने तिला स्वतःच्या गाडीतून नेलं, तेवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी कळलं, डाव्या डोळ्याची नजर गेली.

तोवर गोदामात गोष्ट तयार झाली होती. पोरीने घाम पुसायला गॉगल वर केला, तेवढ्यात छर्रा लागला. आधी एकाला तसं दिसलं होतं, मग चौघांना दिसलं. चौदा नंबरचा गॉगल मात्र कुणालाच कुठे दिसेना. आत गॉगल काढला तर जबाबदारी खेळणाऱ्याची, असं आमच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं आणि खाली पोरीची सही होती.

ताई हॉस्पिटलमध्ये गेली तेव्हा पोरीचा बाप खाटेशी बसून सांगत होता, "काढला असशील गं. आठवून बघ." पोरीने ताईचा आवाज ओळखला आणि पट्टी बांधलेलं तोंड वळवलं.

"ताई, तुम्ही घट्ट बसवला होतात ना? मी काढला नव्हता. सांगा ना यांना. डोळा गेला तो गेला, पण मी खोटं बोलते म्हणतात हो सगळे."

ताईने घरी येऊन मला हे सांगितलं आणि जेवली नाही.

सोमवारी सुट्टी होती. सकाळी ताईने मला गोदामात नेलं आणि मागच्या कचऱ्याचा डबा माझ्याकडून पालथा करून घेतला. तळाशी चौदा नंबर निघाला, मधोमध दोन तुकडे झालेला. तिने तुकडा उजेडात धरला. आत केसाएवढ्या बारीक रेषांचं जाळं होतं. मग तिने खिळ्यावर एक कोरा गॉगल टांगला, दहा पावलं मोजली आणि मला भाड्याचीच बंदूक चालवायला लावली. कोऱ्याला नुसता पांढरा ठिपका पडला. रोजच्या वापरातले टांगले. पहिला टिकला, दुसरा टिकला. तिसरा फुटला.

"कोरा मी कधी पुसला नाही," ताई म्हणाली.

मी खाली वाकून फुटलेले तुकडे गोळा करायला लागलो.

ती टेबलाशी गेली, पुसायचं फडकं उचलून त्याचा वास घेतला. मग बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. रस्ता ओलांडताना माणूस बघतो, तेवढंच.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई काय ते बोलतील. तुम्ही मध्ये तोंड घालू नका. दोन पोरं आहेत आपल्याला." मला हेच ऐकायचं होतं. म्हणूनच तर सांगितलं होतं.

गुरुवारी विम्याचा माणूस आला. कर्नलच्या केबिनमध्ये तो, पोरगी, तिचा बाप, ताई आणि दारापाशी मी. कर्नलने ताईला आधीच समजावून ठेवलं होतं, गॉगल तपासला होता आणि शाबूत होता एवढ्यावर सही करा, तुमचीही नोकरी राहील आणि भावाचीही. कागद टेबलावर होता, पेन त्यावर.

ताईने पिशवीतून दोन तुकडे काढून कागदावर ठेवले.

"हिने गॉगल काढला नव्हता. हा फुटला. मी हे सगळे रोज थिनरने पुसत होते, त्याने कच्चे पडले. सोमवारी मी फोडून बघितले, पुन्हा दाखवते."

कर्नल उठला आणि बसला. पोरीच्या बापाने पोरीकडे बघितलं आणि त्याला तिच्याकडे बघवेना. विम्याचा माणूस लिहिता लिहिता म्हणाला, "थिनर? हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

दार माझ्या पाठीला टेकलं होतं. चार शब्दांचं काम होतं. मीच दिला होता थिनर. मी ते शब्द तोंडात जुळवलेही.

"कुणी नाही," ताई म्हणाली. "माझ्याच डोक्याने."

पोरीची इतका वेळ ताठ असलेली मान एकदम खाली गेली. तिला वाटलं असेल, आता आपण सुटलो. सुटलीच होती ती. पण थोड्या वेळाने ती अगदी हळू, पहिल्या रविवारच्या त्या आवाजात म्हणाली, "चौदा घाल म्हणायचात. सगळ्यात स्वच्छ आहे म्हणायचात."

ताईने हो म्हटलं. मुलींना तिने शिकवलं होतं, कुणी अंगावर आलं की आवाज चढवा, उगाच माफी मागू नका, सुटायची वाट शोधा. तिने आवाज चढवला नाही. सुटायची वाट दारापाशी उभी होती, तिकडे तिने वळूनही पाहिलं नाही. ती पोरीसमोर हात जोडून उभी राहिली. पोरगी बापाचा हात धरून निघून गेली, आणि त्यानंतर ती कधी ताईशी बोलल्याचं मला माहीत नाही.

ताईला त्याच दुपारी काढलं. गॉगल नवे आले, पूर्ण तोंड झाकणारे मुखवटे आले, दारावर सुरक्षेची मोठी पाटी आली. भावाला ठेवलं. मी प्रामाणिक माणूस आहे असं कर्नल चारचौघांत सांगतो. दारावर आता मी उभा असतो, साबणाचं पाणी घेऊन. ताई घरी शेजाऱ्यांच्या चष्म्यांचे स्क्रू आवळून देते. त्या दिवसानंतर तिने मला एकच प्रश्न विचारला.

"बाटली टाकून दिलीस ना?"

"हो."

"बरं केलंस."

रविवारचा वर्गही कर्नलने माझ्यावरच टाकला. इतके रविवार टेबलाशी बसून सगळं कानावर पडलेलं, त्यामुळे जमतं. चार बोटं एका बाजूला, अंगठा एकटा. गेल्या रविवारी एका मुलीने हात झटकन सोडवून घेतला आणि खूश होऊन विचारलं, "सर, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"होती एक बाई," मी म्हटलं, "इथे कामाला."