जावईबापूंसाठी काढलेली होडी

बसा, बसा, चहा उकळतोय. तवर माझी एक फजिती ऐका. आमच्या मंडळींच्या तोंडून ऐकाल तर ती तिखटमीठ लावून सांगंल, त्यापेक्षा मीच सांगतो. आब्रू तेवढीच जाईल, पण निदान माझ्या हातानं जाईल!

माझी तळेगाव ढमढेऱ्यात पिठाची गिरणी हाय. सगळी हयात त्या घरघराटात गेली, त्यामुळं मला हळू बोलता येत न्हाई. मी लाडानं बोललो तरी समोरच्याला वाटतं, भांडतोय. आन् लाडानं बोलायची सवय तरी कुठं हाय म्हणा!

पूनम आमची एकुलती एक लेक. रांजणगावला कंपनीत लागली आन् तिथंच तिनं आपलं आपण लग्न ठरवलं. पोरगा निखिल, कोकणातला. पोरगं वाईट न्हाई हो! पण मला आधी इचारलं न्हाई, ह्याचा राग. लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या, जेवलोसुद्धा. पण तोंड असं केलं होतं, की फोटोवाला दोनदा म्हणला, "काका, जरा हसा की."

तवापासून दोन वर्षं आम्हा सासऱ्या-जावयाचं बोलणं किती? "बरं हाय ना?" "हो आप्पा, बरं आहे." खलास! तिसरं वाक्य न्हाई. खरं सांगू? राग कवाच गेला होता. पण राग गेला हे सांगायचं कसं, ते काय कुठं शिकवत्यात का? पूनम माहेरी एकटीच यायची, जाताना डोळं पुसत जायची, आन् मी आपला गिरणीचा पट्टा नीट करत बसायचो.

त्यात आवंदा धोंड्याचा, म्हंजी अधिक महिना आला. आमची मंडळी, म्हंजी रतन, कंबर कसून उभी राहिली.

"आवो, जावयाला बोलवायचं म्हंजी बोलवायचं. आन् नुसतं 'बरं हाय ना' करून भागायचं न्हाई. पोरगी आतल्या आत झुरती. चार शब्द मायेचं बोला."

"बोलू की."

"काय बोलणार?"

आता आली का पंचाईत! दोन दिवस इचार केला. दळण उलटं-पालटं झालं, एका बाईच्या गव्हात दुसरीची बाजरी गेली. पण शब्द काय सुचंना. मग म्हणलं, बोलता येत न्हाई तर करून दाखवू. आन् मी होडी ठरवली!

हसू नका. इचार बघा कसा बिनतोड होता. जावई कुठला? कोकणातला. कोकण म्हंजी काय? समुद्र! बिचारा आमच्याकडं धुळीत आन् उसात येऊन पडलाय, पाण्यासाठी जीव तळमळत असंल त्याचा. गिरणीवर दौंडकडचा एक पाव्हणा आला होता, त्यानं सांगितलं, की भीमेच्या फुगवट्यावर, धरणाचं पाणी मागं पसरतं तिथं, मच्छीवाले लोकांना होडीतनं फिरवत्यात, पक्षी दाखवत्यात. म्हणलं, ठरलं! धोंडं खाऊ घालायचं आन् संध्याकाळी पाण्यावर न्यायचं. जावई खूश, पोरगी खूश.

ह्यात एकच बारीक अडचण होती. मी पाण्याला भितो.

भितो म्हंजी किती? आमच्या गावची पोरं दुसरीत असताना इहिरीत उड्या मारायची, तवा मी त्यांची कापडं राखायचो. नदीवरच्या पुलावरून यष्टी गेली तर मी डोळं मिटतो. पण म्हणलं, जावयासाठी एक डाव जीव मुठीत धरू. सासऱ्यानं एवढं करायला नको?

झालं. रविवारी दोघं आली. रतननं पुरणाचं धोंडं केलेलं, वर तुपाची धार. जावई पाटावर बसलं आन् मी आग्रहाला सुरुवात केली.

"घ्या जावईबापू, आणखी एक!"

"आप्पा, बास—"

"काय बास? पोरासोरांसारखं खाताय. घ्या!"

माझा आवाज ऐकून कोण न्हाई म्हणंल? त्यानं घेतला. मग आणखी एक. प्रत्येक घासाला माझ्याकडं बघून हसायचा. मला वाटलं, पुरण आवडलं! पूनम मधीच म्हणली, "आप्पा, त्यांना नका हो एवढं..." मी म्हणलं, "तू गप. आमचं चाललंय!"

मग होडीचं सांगितलं. जावई एकदम थांबला. घास तसाच हातात.

"होडीत? आपण?"

"मग! तुमच्यासाठीच ठरवलीय."

त्यानं पूनमकडं बघितलं, मग माझ्याकडं. "वा! छान की, आप्पा," म्हणला. डोळ्यात पाणी होतं. मी रतनला कोपरानं ढोसलं. म्हणलं, बघ, गावची आठवण आली पोराला!

न्हावऱ्यावरून चौफुला, तिथनं हायवेला लागलो. गाडी जावईच चालवत होता, आन् इतकी हळू, की उसाच्या ट्रॉल्या आम्हाला मागं टाकून जात होत्या. पाण्यावर पोचलो तवा उकडून जीव चाललेला. झाडाचं पान हलत न्हाई. होडीवाले मामा आभाळाकडं बघून म्हणले, "वळीव यील का काय कळंना. जायचं का उद्या?"

तवाच गप बसायचं न्हाई का मी? तोंड कशाला उघडायचं? पण न्हाई!

"आवो मामा, कुणाला इचारताय? आमचं जावई कोकणातलं हायेत! समुद्र कोळून प्यालेला माणूस. वळवाचं काय घेऊन बसलाय?"

मामांनी जावयाकडं नीट निरखून बघितलं. "आसं व्हय? मग काय काळजी न्हाई. चला पाव्हणं!"

प्रत्येकाला एकेक फुगीर जाकीट दिलं. माझं पोटावर बसंना, म्हणून रतननं ते उपरण्यानं बांधलं. होडीत पाय टाकला आन् ती अशी डुचमळली, की काळीज गिरणीच्या पट्ट्यासारखं फडफडायला लागलं. पण चेहऱ्यावर दाखवीन तर शपथ! एका हातानं काठ धरला, दुसऱ्या हातानं पक्षी दाखवत बसलो. "ते बघा जावईबापू, बगळा!" जावई "हो आप्पा, सुंदर," म्हणला. त्याची नजर होडीच्या तळाकडं होती.

मधोमध गेलो आन् पश्चिमेकडनं आभाळ काळंठिक्कर झालं. आधी वारा आला, मग धूळ, मग एकेक टपोरा थेंब. मामांनी होडी वळवली तर इंजिन बंद! दोरी ओढत्यात, ओढत्यात, ते नुसतं खोकतंय. मग मामांनी दोन वल्ही काढली. एक स्वतः घेतलं आन् दुसरं जावयाच्या पुढं धरलं.

"घ्या पाव्हणं. तुमच्या हातचं काम."

जावयानं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी जन्मात इसरणार न्हाई. पण त्या टायमाला मला तिचा अर्थ काय लागला? तर, 'परवानगी मागतोय, संस्कारी पोरगं!'

"घ्या, घ्या," मी वरडलो, "दाखवा कोकणचा हिसका!"

घेतलं की हो त्यानं वल्हं! दात-ओठ खाऊन मारायला लागला. होडी जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. एकदा किनारा समोर दिसतोय, एकदा मागं. मामा वैतागले.

"आवो पाव्हणं, उलटं मारताय! तुमच्या समुद्रात आसं वल्हवत्यात का?"

आन् मी गप बसावं की न्हाई? तर मी जावयाची बाजू घेतली. "मामा, कोकणात तशीच पद्धत हाय! तुम्हीच त्यांच्यासारखं मारा!"

तेवढ्यात गारा सुरू. टणाटण डोक्यात! रतननं पदर घेतला, वर डब्याचं झाकण धरलं आन् देवीचा धावा सुरू केला. जावयानं वल्हं सोडलं, काठाला वाकला आन् दुपारचं सगळं धोंडं भीमामायला अर्पण केलं. मग पूनम जी कडाडली, तिच्यापुढं आभाळातली वीज काय हो!

"आप्पा, बास करा! त्यांना पोहता येत नाही! त्यांना होडी लागते! लहानपणी एकदा बसले होते, तेव्हापासून पाण्याच्या वाटेला जात नाहीत!"

"आगं पण कोकण—"

"त्यांचं गाव डोंगरात आहे, आप्पा! घाटाच्या पायथ्याशी! समुद्र तिथून एसटीनं किती तरी लांब!"

माझं डोकं बधिर झालं. त्यात एक जोराची लाट आली, होडी कलली, आन् माझं सोंग तिथंच संपलं. काठ सुटला, पाय सुटलं, मी जावयाच्या अंगावर पडलो आन् त्याच्या गळ्याला मिठीच मारली.

"आरं लेकरा, धर मला! मला बी येत न्हाई पव्हायला! आरं निखिल, सोडू नगंस रं!"

"नाही सोडत, आप्पा! तुम्ही पण सोडू नका!"

असं दोघं एकमेकांना धरून बोंबलत होतो. कोण कुणाला वाचवतंय ते देवाला ठाऊक! मामा एकटं वल्हवत होते आन् तोंडानं काय बोलत होते ते मी हितं सांगत न्हाई, चहाला बायामाणसं हायेत.

वाऱ्यानंच आम्हाला लोटत लोटत कडंच्या चिखलात नेऊन घातलं. गुडघाभर चिखलातनं एकमेकांना ओढत वर आलो. मामांनी ताडपत्री दिली, ती डोक्यावर घेऊन चौघं बाभळींपासून लांब, एका बांधाला उकिडवं बसलो. गारा थांबल्या, पाऊस चालूच. मग जावईच म्हणला, "आप्पा, तुम्हालाही भीती वाटते, मग तुम्ही का आलात?"

"तुझ्यासाठी आलो. मला वाटलं, तुला आवडंल. पण तू का आलास?"

"तुम्ही पहिल्यांदाच मला कुठंतरी चला म्हणालात. नाही कसं म्हणू?"

रतन म्हणली, "माझं तर गुडघं दुखत्यात सकाळपासनं. मला वाटलं, तुम्हा दोघांची हौस, कशाला मोडा घाला?"

म्हंजी बघा! पूनमनं कपाळाला हात लावला. ती एवढं समजावत होती, तिला मी गप बसवलेलं. बाकीचं आम्ही तिघं होडीत बसलेलो, आन् त्यातल्या एकालाबी होडीत बसायचं नव्हतं! पूनमला आधी हसू फुटलं, मग हसता हसता ती रडायला लागली, आन् मग माझ्याबी डोळ्यातनं पाणी आलं. पाऊस होता म्हणून बरं, निभावलं.

मला लई वाईट वाटलं हो. दोन वर्षांत त्या पोराला एकदा तरी इचारायचं, की बाबा, तुझं गाव कसं हाय, तुला काय आवडतं? मी काय केलं? कोकणातला म्हणलं आन् समुद्रात ढकलून दिला!

"आरं," मी म्हणलं, "मग तुला आवडतं तरी काय? ते सांग."

तो लाजला. "खरं सांगू? मला तुमची गिरणी बघायची होती. आमची आजी जात्यावर दळायची, मी तिच्या मांडीवर झोपायचो. पूनमच्या ओढणीला पिठाचा वास येतो ना, तो मला फार आवडतो. पण तुम्हाला विचारायचं धाडस झालं नाही."

काय बोलावं सांगा! ज्या गिरणीत मी तोंड लपवून बसायचो, तीच ह्याला बघायची होती. मी रतनच्या पिशवीतला डबा काढला आन् त्याच्यापुढं धरला. "धोंडा खा."

"नको, आप्पा."

"एक तरी."

"नको म्हणालो ना आप्पा! तुमच्या पाया पडतो!"

आन् देवाशपथ सांगतो, जावयानं मला पहिल्यांदा नको म्हणलं, तवा मला इतकं बरं वाटलं! परकं माणूस असं बोलत न्हाई. डबा मीच खाल्ला.

त्याच रात्री घरी पोचल्या पोचल्या ओल्या कपड्यानिशी गिरणी उघडली. त्यानं स्वतः बाजरी ओतली, चाळण धरली, पिठात हात घालून ते किती कोमट असतं ते बघितलं. केसापासनं भुवयांपर्यंत पांढराफटक. आम्ही घरघराटात वरडून वरडून बोललो. काय बोललो ते आता आठवत न्हाई, पण बोललो लई. पूनम दाराशी उभी राहून बघत होती. ह्या वेळी जाताना ती डोळं न पुसता गेली.

तुम्ही म्हणाल, झालं, संपली फजिती. हितं संपली असती तर काय पाहिजे होतं!

गेल्या आठवड्यात व्याह्यांचा फोन आला, निखिलच्या वडलांचा. देवमाणूस!

"आप्पासाहेब, निखिलनं सगळं सांगितलं. माझ्या मुलासाठी तुम्ही जीव धोक्यात घातलात. आता आमची पाळी! या पावसाळ्यात तुम्ही आमच्या गावी यायचंच. आमच्याकडे चिखलात नांगरणीची स्पर्धा असते. तुमचं नाव दिलंय!"

"माझं? कशात?"

"अहो, नांगर धरायला! तुम्ही घाटावरचे शेतकरी, बैलांमधली माणसं. अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय, आमचे व्याही येतायत, बघा आता जोडी कशी पळते!"

आवो, मी गिरणीवाला! आमच्या वाट्याची दोन बिघं भाऊ करतो, तीबी ट्रॅक्टरनं. रस्त्यात बैल दिसला तर मी बाजूच्या दुकानात शिरतो, नको असताना काडेपेटी घेतो आन् तो गेल्यावर बाहेर येतो.

पण तो माणूस एवढा खूश होता. मी काय म्हणलं असंल? "व्हय, येतो की!"

मागनं निखिलचा फोन. "आप्पा, तुम्हाला नको असेल तर मी बाबांना खरं सांगतो."

"खबरदार!" मी वरडलो. "एवढ्या मायेनं ठरवलंय त्यांनी. त्यांना काय वाटंल?"

पलीकडनं निखिल इतका हसला, की फोन त्याच्या हातातनं पडल्याचा आवाज आला.

आता रोज सकाळी गिरणी उघडायच्या आधी शेजारच्या आबांच्या वावरात सराव करतोय. आधीचं दिवस नुसतं बैलांजवळ उभं राहण्यात गेलं, काल पहिल्यांदा नांगर धरला. आबांनी नुसतं "हं" म्हणलं आन् बैल जे सुटलं! मी पालथा, पण नांगर सोडला न्हाई, पार बांधापर्यंत गेलो. उठून तोंडातली माती थुंकत इचारलं, "कसं झालं, आबा?"

आबांनी मागं वळून वावरात उमटलेली लांबलचक चरी बघितली आन् म्हणले, "तास झकास पडलंय, आप्पा. पण नांगर वरच व्हता. हे तुमच्या पोटानं पाडलंय."