मंत्राचे पत्ते

फोन आला तेव्हा मी कळण्याच्या भाकरी थापत होते. धुळ्याच्या दवाखान्यातून आमच्या ह्यांनी एवढंच सांगितलं, "प्रमोद गेला." मी सासूबाईंना सांगितलं. रडण्याच्या आधी त्या म्हणाल्या, "भगतकडे जावाले आपले उशीर व्हयना." भगताकडे जायला उशीर झाला, हे वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही.

प्रमोदभाऊ माझे धाकटे दीर. सोनगीरला हायवेवर त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मूत्रपिंडं बिघडल्यावर दुकान बंद पडलं, मुली बघणं थांबलं, राहिला तो पत्त्यांचा डबा. साधे पत्ते नव्हते ते. त्यांवर राक्षस, पंखवाले साप, जळती झाडं. आधी ते रविवारी जळगावला एका मित्राकडे खेळायला जायचे. तेही जमेना, तेव्हा एका दुपारी मला म्हणाले, "वहिनी, बसा. तुमले शिकाडस."

"मी चौथी शिकेल शे, भाऊ. इंग्रजी कोन वाची?"

"मी वाचस. तुमी फक्त मले हरावा."

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण त्या टेबलाशी मी भांडायला शिकले. बरेचसे पत्ते एकदा टाकले की संपले. आग लागली, वार झाला, पत्ता बाद. मंत्राचा पत्ता तसा नाही. तो टेबलावर राहतो आणि कुणी मोडेपर्यंत आपलं काम करत राहतो. काही मंत्र साऱ्या डावावर चालतात, टाकणाऱ्यालाही भोवतात. काही एकाच प्राण्याला चिकटवायचे, त्याच्या पत्त्याखाली सरकवून. मग त्याचं बळ वाढतं. प्राणी मेला की त्याचा मंत्रही बाद. माझ्या एका हरणावर मी वेलीचा मंत्र ठेवला होता. हरणाला घाव इतके बसले होते की त्या वेलीच्या बळावरच ते उभं होतं. भाऊंनी एक पत्ता टाकून वेल मोडली आणि माझं हरीण उचलून बाजूला ठेवलं.

"हाई ते लबाडी शे!" मी ओरडले.

"मी हरीनले हात बी नही लावा. फक्त मंत्र काढा. घाव ते व्हताच."

हसता हसता त्यांना धाप लागली. घरात त्यांना हसताना तेव्हाच पाहायचे मी...

आठवड्यातून दोनदा त्यांना रक्त धुवायच्या मशीनवर धुळ्याला न्यायचं. पुढे दवाखान्यातच ठेवावं लागलं. तेव्हा सासूबाई साक्रीकडच्या एका भगताला घेऊन आल्या. त्याने एक राक्षसाचा पत्ता उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि सांगितलं, पोराच्या अंगावर हेच बसलंय, वाहत्या पाण्यात सोडा. ह्यांनी डबा उचलला. मी दारात आडवी उभी राहिले, म्हटलं, तो खेळ आहे, मला येतो. सासूबाई म्हणाल्या, "हिलेबी लागनं." मला बाजूला सारून डबा गेला.

दवाखान्यात भाऊ रोज विचारायचे, "डबा लयनात का?" सासूबाई म्हणायच्या, "सकाय लयसु, बेटा." शेवटी हे वैतागून बोलून गेले, पांझरा नदीत सोडला म्हणून. भाऊ म्हणाले, "बठ्ठा?"

"बठ्ठा." सगळाच, एकही पत्ता मागे नाही.

त्यांनी चादर तोंडावर ओढली. दुसऱ्या दिवशी मशीनवर जायला नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या वेळीही. डॉक्टर रागावले, नाना, म्हणजे माझे सासरे, पाया पडले. भाऊ भिंतीकडे बघत राहिले. घरचे सांगतात, आजारच तसा होता. होताच. घाव तर होताच.

दहावा त्याच पांझरेच्या काठी झाला. पिंडाला कावळा शिवेना. नाना म्हणाले, "तुनी आवडती शेवभाजी शे, बेटा." हे हात जोडून म्हणाले, "तुनं दुकान मी सांभाळसू." कावळे झाडावरच. पत्त्यांचं नाव कुणी काढलं नाही. एवढी माणसं नदीकडे तोंड करून उभी होती, आणि एकालाही ते सुचलं नाही, की सगळ्यांनाच सुचलं होतं... ऊन तापायला लागलं तसं भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि मंडळी जेवायला निघाली. गवताचा कावळा! आणि भूतं म्हणे भाऊंच्या पत्त्यांत होती.

आता दीड महिना होईल. सासूबाई शेजारणींना सांगतात, घर साफ झालं. भाऊंच्या खोलीच्या दारावर त्या शनिवारी नवं लिंबू बांधतात. दुपारी मी ते हाताने बाजूला करून आत जाते. टेबल तसंच आहे, फक्त रिकामं, भिंतीकडची त्यांची खुर्चीही. मी माझ्या बाजूला बसते. दवाखान्यात नेलं त्या दिवशी आमचा डाव अर्धा राहिला होता, आणि चाल माझी होती.