तोपर्यंतची बॅच

आमच्या टायपिंग क्लासमधले कुणी दोघं कुठे भेटले, लग्नात म्हणा की एसटी स्टँडवर, तर पहिली पाच मिनिटं तब्येती आणि मुलांच्या परीक्षा यात जातात. सहाव्या मिनिटाला एकजण म्हणतो, "चौगुले सर आठवतात काय रे?" की सुटले! दर वेळी त्यात थोडी भर पडते. काही किस्से तर मला अजिबात आठवत नाहीत, पण त्यात मी होतो असं सगळे शपथेवर सांगतात, म्हणजे असणार. साठलेत इतके की कुठलं टोक धरावं कळत नाही. ॲडमिशनपासून धरतो.

*

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. क्लास शाहूपुरीत, एका गुळाच्या अडतीच्या वरच्या मजल्यावर. खाली गूळ, वर चौदा टाइपरायटर आणि ते बडवणारे चौदा पदवीधर. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो. फिजिक्सच का, हे तेव्हाही सांगता येत नव्हतं. बाबा एका साखर कारखान्यात ऊस वजनाच्या काट्यावर तीस वर्षं काढून रिटायर व्हायला आले होते. साहेबांचे उंबरे झिजवून त्यांनी माझ्यासाठी तिथल्याच ऑफिसात क्लार्कची जागा जवळजवळ पक्की केली होती. अट एकच: मराठी तीस, इंग्लिश चाळीस. म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द टाइप करायची सरकारी परीक्षा पास व्हायची.

मला ती नोकरी नको होती. मग काय हवं होतं? तेही माहीत नव्हतं. त्यामुळे नको म्हणायला तोंड नव्हतं.

सरांनी रजिस्टर उघडलं. नाव, पत्ता, शिक्षण आणि शेवटचा रकाना 'कशासाठी'. मी म्हणालो, "तसं काही ठरलेलं नाही सर. आपलं तोपर्यंत..."

सरांनी मान हलवली आणि लिहिलं. मी वाकून बघितलं. पानाच्या पहिल्या ओळीत 'तोपर्यंत' लिहिलेलं होतं आणि त्याखाली ओळीनं सदर, सदर, सदर, म्हणजे वरचंच. मलाही त्यांनी एक 'सदर' दिलं.

*

माझ्या शेजारच्या मशीनवर बसू. बसवराज. खालची गुळाची अडत याच्याच वडिलांची. मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदायची. बसू एम.कॉम. झालेला. घरी सांगायचा, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. बँकेचा अभ्यास करणाऱ्या मित्रांना सांगायचा, दुकान बघतोय. आणि दोन्ही चुकवायला वर येऊन टायपिंग करायचा.

एकदा त्याचे अप्पा जिना चढून आले. "एनो बसू," म्हणून त्यांनी हाक मारली आणि त्याच्या मशीनवरचा कागद ओढून सरांपुढे धरला. यात काय लिहिलंय, विचारलं. सरांनी इमानदारीत मराठी करून सांगितलं, की चपळ तपकिरी कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो. यात इंग्रजीची सगळी अक्षरं येतात म्हणून ते रोज टाइप करायचं असतं.

अप्पांनी विचारलं, हे पाठवायचं कुणाला? कुणालाच नाही, सर म्हणाले. अप्पांनी फायलीतले मागचे कागद चाळले. सगळीकडे तेच.

"दोन महिनं झालं," अप्पा म्हणाले, "आनी ह्यो अजून उडीच मारतोय व्हय?"

सगळा क्लास हसला. बसूही हसला. मग त्या दिवशी त्याच्या एका ओळीत सात चुका निघाल्या.

*

खिडकीजवळच्या मशीनवर सुनीता असायची. चंदगडची, बॉटनी घेतलेली, इथे मामांकडे राहून शिकणारी. वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. वर्षात काही झालं तर झालं, नाहीतर येईल त्या स्थळाला हो म्हणायचं.

एक स्थळ मामांच्याच घरी बघायला आलं. मुलाच्या आईनं विचारलं, मुलीला मशीन येतंय म्हणे? मामा म्हणाले, येतंय की, क्लास लावलाय. बाईंनी कौतुकानं विचारलं, हात कसा काय आहे? सुनीताला वाटलं, स्पीडच विचारताहेत.

"चाळीस आहे," ती म्हणाली.

"दिवसाला?"

"नाही, मिनिटाला."

बाईंनी पोह्याची बशी खाली ठेवली. म्हणाल्या, "आमचा शिंपी दिसाला चार ब्लाउज देतोय."

दुसऱ्या दिवशी सुनीतानं हे सांगितलं तेव्हा आम्ही हसून हसून मशीनवर डोकी टेकली. खुलासा झाल्यावर त्या मंडळींना फसवल्यासारखं वाटलं आणि स्थळ मोडलं. सुनीता पण हसत होती. रिबन बदलताना मात्र ती मला हळूच म्हणाली, "खरं सांगू? मी हो म्हणणार होते. मुलगा आवडला म्हणून न्हाय. एकदाचं काय तरी ठरलं असतं."

 मला ते शंभर टक्के कळलं.

*

मग आम्ही तिघं एका रविवारी करिअर मार्गदर्शन शिबिराला गेलो. पुण्याहून टाय लावलेले तज्ज्ञ आले होते. त्यांनी शंभर प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. तुम्हाला एकटं राहायला आवडतं का, घड्याळ उघडून बघावंसं वाटतं का, असलं काय काय. मग एकेकाला आत बोलावलं.

बसूला सांगितलं, तुमचा कल धंद्याकडे आहे. बसू बाहेर येऊन म्हणाला, हे अप्पा रोज जेवताना सांगतात. सुनीताला म्हणाले, तुम्हाला झाडाझुडपांची आवड दिसते. तिच्या डिग्रीवरच लिहिलेलं होतं ते! मला म्हणाले, "तुम्ही आयुष्यात काहीही करू शकता." अहो, तेच तर दुखणं होतं.

चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आणखी काही खास सांगणार. त्यांनी इकडंतिकडं बघून विचारलं, "तुमच्या त्या टायपिंग क्लासमध्ये जागा आहे का हो? आमचा थोरला आजोळी आलाय इथं. अजून काही ठरत नाही त्याचं."

सोमवारी थोरला हजर. रजिस्टरात आणखी एक सदर.

*

क्लासचा बोर्ड कापडी होता. जिन्याच्या तोंडाशी चार खिळ्यांवर ताणून बसवलेला आणि ऊनपावसानं अक्षरं उडालेला. बसूनं एकदा विचारलं, सर, पत्र्याचा पक्का बोर्ड का करत नाही?

सर म्हणाले, पक्का कशाला? त्यांनी तलाठ्याच्या जागेसाठी अर्ज केला होता. ऑर्डर येईपर्यंत हातात काहीतरी असावं म्हणून क्लास काढला. त्याला झाली बावीस वर्षं.

"मग ऑर्डर आलीच न्हाय?"

"आली की. तिसऱ्या वर्षी. पर तवा पोरं परीक्षेला बसलीती. म्हटलं, एवढी बॅच होऊ दे."

*

आता शेवटचा. हा किस्सा बसू माझ्यापेक्षा चांगला सांगतो, पण घडला माझ्या बाबतीत.

मी दोन्ही परीक्षा पास झालो. आठवड्यात कारखान्याचं पत्र आलं, सोमवारी हजर व्हा, येताना हजर रिपोर्ट टाइप करून आणा. बाबांनी ते पत्र देवापुढे ठेवलं. आईनं माझ्यासाठी नवा डबा आणला. मी शनिवारी संध्याकाळी क्लासला जाऊन रिपोर्ट टाइप करायला बसलो.

इथे एक सांगायला हवं. बटणांकडे बघायचं नाही, हा सरांचा कायदा होता. सवय लागावी म्हणून ते आमच्या हातांवर रुमाल टाकायचे. आणि सरावाच्या पुस्तकात अर्जांचे नमुने होते. त्यातला राजीनाम्याचा अर्ज परीक्षेला हमखास येतो अशी आवई होती, म्हणून तो आम्ही प्रत्येकानं शंभरदा तरी बडवला होता. नोकरी एकालाही नव्हती!

मी प्रति लिहिलं, विषय लिहिला, 'कामावर हजर होणेबाबत'. मग नजर समोरच्या भिंतीवर ठेवून सुरू केलं, 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवितो की,' आणि 'की'च्या पुढे बोटं आपल्या रोजच्या वाटेनं गेली. मी बाबांचा आणि त्या डब्याचा विचार करत होतो. कागद काढला, न वाचताच घडी घातली, पाकिटात टाकला.

सोमवारी बाबा मला घेऊन कारखान्यावर आले. पेढ्यांचा पुडा त्यांनी आधीच घेतला होता. गेटवर थांबले आणि म्हणाले, "तू एकटाच जा आत. मी आलो तर माझ्या जिवावर आलास म्हणतील."

हेडक्लार्कनी पाकीट फोडलं. वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. मग कागद माझ्याकडे फिरवून त्या ओळीवर बोट ठेवलं. 'मी माझ्या पदाचा स्वखुशीने राजीनामा देत असून तो मंजूर व्हावा.'

"पावणं," ते म्हणाले, "हजर व्हायच्या आधीच सोडून निघालासा व्हय?"

 ते माणूस चांगले होते. म्हणाले, काट्यावरच्या दादांचं पोरगं हायस, चुकून झालं असेल, कोरा कागद देतो, हातानं लिहून दे. त्यांनी ड्रॉवर ओढून कागद काढलाही.

मी त्या कोऱ्या कागदाकडे बघितलं, मग टाइप केलेल्याकडे. आख्ख्या पानात एकही चूक नव्हती.

"चुकून न्हाय झालं," मी म्हणालो. 

 हेडक्लार्कनी कोरा कागद ड्रॉवरमध्ये परत ठेवला आणि खिशातलं पेन माझ्यापुढे सरकवलं.

"मग खाली सही राह्यलीया की."

मी बाहेर आलो तेव्हा बाबा गेटवर उभेच होते. लांबूनच त्यांनी विचारलं, "झाली सही?"

"झाली," मी म्हणालो.

बाबांनी पुड्याचा दोरा सोडला आणि पहिला पेढा वॉचमनच्या हातावर ठेवला.