चहासोबतची गोळी

मी गावची आशा सेविका. माझ्या गावात लोहाची गोळी उकिरड्यावर सापडत नाही, याचा मला भारी तोरा होता. इतर गावांत बायका गोळ्या घेतात, मान हलवतात आणि घरामागे फेकून देतात. मी समोर बसून गिळायला लावायची. आमच्या दिग्रसच्या बाजूला सगळा कापूस. वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी काळा चहा पिऊन वावरात जाते, ती दुपारीच भाकर खाते. म्हणजे घरात सापडायची वेळ एकच, चहाची. मी तीच धरली आणि बाकीच्या आशांनाही ही युक्ती फुशारकीने शिकवली.

माझी धाकटी जाऊ तिसऱ्यांदा गरोदर राहिली. आम्ही एकाच घरात राहायचो. रोज सकाळी चुलीपाशी मी तिच्या हातावर गोळी ठेवायची आणि ती चहाच्या घोटाबरोबर गिळायची. "पाण्यासंगं माहं पोट ढवळते, बाई," म्हणायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. एक दिवस चुकवला नाही, तरी तिच्या पापण्या आतून पांढऱ्याच. पाचव्या महिन्यात रक्त सात होतं, हवं अकराच्या वर; आठव्यात साडेसहा. मी तिच्यावरच डाफरले, गोळ्या थुंकतेस का म्हणून. तेव्हापासून ती बिचारी गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायची.

शेवटी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कशासोबत देता? मी ऐटीत सांगितलं. त्या म्हणाल्या की चहा लोह अंगी लागू देत नाही, गोळीच्या मागेपुढे तास-दोन तास तरी चहा नको. हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. घरी येऊन वही काढली, तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं निघालं.

सलाइनमधून लोह देणं सुरू झालं, पण दिवस उरले नव्हते. बाळंतपणात दुसरीला परवडलं असतं तेवढंच रक्त तिचं गेलं. तिला ते परवडलं नाही. यवतमाळच्या वाटेवर, गाडीतच, माझ्या मांडीवर ती गेली.

तेरावं झाल्यावर मी दिराला सगळं सांगितलं. चहाचं, वहीचं, काही लपवलं नाही. तो ऐकत राहिला. "वहिनी, तुमी नसत्या तं तिनं एकही गोळी गिळली नसती," म्हणाला. "चहानं कोनी मरते का?" त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

लेकरं लहान, म्हणून वर्षाच्या आत त्याचं दुसरं लग्न झालं. नवी जाऊ एकोणीस वर्षांची आहे. तिलाही दिवस गेलेत. आता मी वावरात जाते आणि दुपारच्या जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत तिला गोळी देते. पण जेवण म्हणजे काय, तर रेशनचा भात आणि पाण्यासारखं वरण. घरी रात्रीही तेच, तेही सगळ्यांचं उरकल्यावर. पूर्वी कपाशीच्या तासांत, दोन ओळींच्या मधे, तरोटा, घोळ अशा भाज्या फुकट उगवायच्या. तणनाशक आल्यापासून तिथं काही उगवत नाही. मी चहाची वेळ बदलली, पण ताटात घालायला माझ्या पिशवीत काही नाही.

मागच्या आठवड्यात तिचं रक्त तपासलं. सातच. मी दिराला गाठलं, तो अंगणात फवारणीचा पंप धूत होता. म्हटलं, हा आकडा चांगला नाही, तिला अंडी आण, शेंगदाणे-गूळ आण, तिची वेचणी बंद कर, आणि तिला सगळ्यांच्या आधी जेवायला बसव. त्याने मान वर केली.

"तुमी हाय ना घरात," तो म्हणाला. "मंग मले कायची काळजी?"

तो मनापासून बोलत होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही.