ओवी हैदराबादला जायच्या आधीचा वॉटर पार्क

ओवीच्या बारशाला मी पाळण्यावर वाकून तिच्या कानात नाव सांगितलं, पाठीत बायकांचे धपाटे खाल्ले आणि सरळ झाले, तेव्हा आई म्हणाली होती, "आत्यानं नाव ठेवायचं, हात धुवायचे आणि पंगतीला बसायचं. पुढचं आईबापाचं." सगळ्या हसल्या. मीही हसले.

ओवी माझ्या धाकट्या भावाची, मंदारची मुलगी. ती तीन वर्षांची असताना त्याच्या बायकोला, रश्मीला, दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं. म्हणून काही महिन्यांसाठी ओवी हैदराबादहून आमच्याकडे नाशिकला आली. पुढे बाळ अशक्त, त्याची आजारपणं, आणि ओवी राहतच गेली. आता जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं म्हणून मंदार न्यायला आला. मंगळवारची तिकिटं काढूनच आला होता.

"जायच्या आधी वॉटर पार्कला जाऊ," असं माझा मुलगा सोहम म्हणाला आणि मी लगेच हो म्हटलं. घरात बसवतच नव्हतं. ओवीचे फ्रॉक कपाटातून काढायचे, घडी घालायची, परत कपाटात ठेवायचे, असं माझं दोन दिवस चाललं होतं.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. शनिवारी जाऊ नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे अर्धी एमआयडीसी तिथे सहकुटुंब हजर असते. आम्हाला मात्र इलाज नव्हता, कारण आमचे हेही त्याच एमआयडीसीतले. सकाळी लवकर निघालो, सातपूरला मिसळ खाल्ली. मुलांसाठी दही वेगळं मागून घ्या, तर्री साधी नसते. तिथून त्र्यंबक रस्ता सरळ आहे, जुनी मारुतीसुद्धा कुरकुरली नाही. मागच्या सीटवर ओवी माझ्या मांडीवर बसली होती. मंदारने पुढून हात करून "ये माझ्याकडे" म्हटलं, तर ती म्हणाली, "तुमचा पट्टा टोचतो."

गेटवर भिंतीवर जिराफ रंगवलाय. त्याच्या गळ्यातल्या लाल पट्ट्याखाली डोकं राहिलं तर अर्धं तिकीट.

"तीन पूर्ण, दोन अर्धी," मंदार म्हणाला.

"मोठ्या पोराचं तर पूर्ण होईलच साहेब, पण हीपण पट्ट्याच्या वर चाललीय," वॉचमन म्हणाला.

"ही? नाही हो." मंदारने वाकून तिच्या डोक्यावर हात सपाट धरला आणि भिंतीला टेकवला. हात पट्ट्याच्या वर टेकला. त्याने तो तसाच थोडा वेळ ठेवला. मग पाकीट काढलं.

आत बाहेरचं खाणं चालत नाही, त्यामुळे माझा ठेपल्यांचा डबा गाडीतच राहिला. साधे कपडे घालून पाण्यात उतरू देत नाहीत. नायलॉनचे कपडे भाड्याने मिळतात, वर अनामत घेतात, ती पावती जपून ठेवा. बायकांच्या खोलीत दिंडोरीकडच्या एक मावशी तो निळा पायजमा-झबला घालून आरशासमोर उभ्या होत्या. "ह्या कापडात आमच्या ह्यांनी मला वळखलं तर बघ," त्या सुनेला म्हणाल्या. सून म्हणाली, "आत्याबाई, त्यांनी बी ह्येच घातलंय. तुम्हीच वळखा." मावशी हसत हसत पाण्याकडे गेल्या. मीही तो निळा वेश चढवला आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

घसरगुंड्यांवर रांगा लांब. सोहम आणि हे मोठ्या घसरगुंडीला लागले. मी ओवीला घेऊन उथळ पाण्यात बसले, पण बसले म्हणजे काय, दर मिनिटाला उठत होते. तिची वेणी सुटली, टोपी कुठे, कान तर दुखत नाही ना.

"ताई, तू जरा शांत बस. मी आहे ना तिच्याजवळ," मंदार म्हणाला.

"तिला लाटा भिववतात."

"मला कळू दे ना काय भिववतं ते."

म्हणून मी काठावर जाऊन बसले. लाटांच्या तलावात दोघं हात धरून उभी होती. लाट आली की ओवी किंचाळायची आणि मागे वळून मला बघायची. मी हात हलवायची. शेवटी ठरवलं, की आता हात हलवायचा नाही, आणि सोहम दिसतोय का ते बघायला मान वळवली.

तेवढ्यात लोडशेडिंग झालं. गाणी बंद, लाटा बंद. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो, हे रोजचंच असावं, कारण सगळा तलाव एकदम उठून बाहेर निघाला. निळ्या कपड्यांतली पोरं, निळ्या कपड्यांतले आईबाप. त्यातून मंदार माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याचा हात रिकामा होता.

"तुझ्याकडे आली ना?"

नव्हती आली. मी हाका मारत सुटले. प्रत्येक निळी पाठ ओवीची वाटायची. दोन मुलींना तर खांद्याला धरून वळवलं, त्यांच्या आया माझ्यावर खेकसल्या. हे घसरगुंडीकडून धावत आले, सोहम रडायला लागला. मंदार पाण्याकडे बघत होता. तिकडे बघू नको, असं मला त्याला म्हणायचं होतं.

जनरेटर धडधडला आणि कर्ण्यातून आवाज आला, "ओवी नावाची लहान मुलगी ऑफिसात सुखरूप आहे. तिच्या आत्याने जिथे असेल तिथून ऑफिसात यावं. ओवीच्या आत्या, लवकर या."

मला आनंद झाला. मुलगी सापडल्याचा तर झालाच, पण त्याखाली दुसराही एक होता, आणि मंदार शेजारीच उभा होता. त्यानेही तेच ऐकलं होतं.

ओवी टेबलावर बसून वेफर्स खात होती. डोळे कोरडे.

"तुम्ही आत्या का? आणि हे?" ऑफिसातल्या माणसाने विचारलं.

"तिचे बाबा."

"अगं पोरी, बाबा आलेत हे सांगितलंच नाहीस?"

"बाबांना इथलं काही माहीत नाही," ओवी म्हणाली. "त्यांना बोलावलं असतं तर ते हरवले असते."

तो माणूस खळखळून हसला. मंदारही हसला, तिला उचलून घेतलं आणि दाराकडे तोंड करून जरा वेळ उभा राहिला.

दुपारी कोरड्या बाजूच्या पाळण्यात ओवीला बसायचं होतं, माझ्याबरोबर. मी म्हटलं, मला चक्कर येते, बाबांबरोबर जा. चक्कर मला कधीच येत नाही. पाळणा वर गेला तशी मी पाठ फिरवून कणीस विकत घेतलं, ते खाल्लंही नाही. खाली उतरली तेव्हा तिने मंदारच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती. बाही पार चुरगळली होती आणि तो ती सोडवत नव्हता.

परतताना मुलं झोपली. सातपूरच्या सिग्नलला मंदार मागे वळून हळू म्हणाला, "ताई, यंदा नेली नाही तर मला ती ओळखेनाशी होईल ग. रश्मी रोज विचारते, तिला कुठली भाजी आवडते. मला सांगता येत नाही."

"दोडका," मी म्हटलं. "दाण्याचं कूट घालून."



पार्क चांगला आहे. एकदा जाऊन या, मुलांचा हात सोडू नका. अंगाला क्लोरीनचा वास दोन दिवस येतो. मी ओवीला न्हाऊ घातलं तेव्हा तिने विचारलं, हैदराबादला पाळणा आहे का. आहे म्हटलं. मला माहीत नाही.

आज सोमवार. सगळे झोपलेत, बॅग दारात आहे. मंदार, माझा हा ब्लॉग तू तुझ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर वाचशील म्हणून समोर न बोलता आत्ताच विचारून ठेवते. तू नाही म्हणणार, आणि तुझ्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत तिला माझ्याकडे पाठवशील? तुम्ही सगळे नका येऊ. तिला एकटीला पाठव.