मांदेली आली नांदुऱ्याला

माझी सून अलिबागकडची, आणि तिला डोहाळे लागले मांदेलीचे. कुठे, तर समुद्रापासून इतक्या लांब वऱ्हाडात, नांदुऱ्यात! तिसरा महिना सरत आला तरी पोटात अन्नाचा कण टिकत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन असंच उतरत राहिलं तर भरती करावं लागेल. मग मी गप्प बसते होय? तिच्या भावाला फोन लावला. तो रेल्वेनं नागपूरला निघालाच होता.

मांदेली म्हणजे बोटाएवढी सोनेरी मासळी, हे मला तेव्हा कळलं. मुलानं मोबाईलवर शोधलं. म्हणे या जातीला इंग्रजीत अँकोव्ही म्हणतात, शब्द स्पेन-पोर्तुगालकडून आला, मूळ अर्थ ‘सुका’ असावा, पण खात्री कोणालाच नाही. आणि मांदेली हे नाव कुठलं? सून म्हणाली, आजी म्हणायची म्हणून आम्ही म्हणतो. मला हेच पटलं.

गाडी आमच्या स्टेशनात जेमतेम टेकते. मुलगा फलाटावर धावला, आणि भावानं दारातूनच थर्माकोलचा डबा त्याच्या हाती दिला. तो घरी येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आमच्याकडे मटण-मासळी स्वयंपाकघरात शिजत नाही. अंगणात वेगळी चूल, वेगळी भांडी. नदीची मासोळी आम्ही राख लावून दगडावर खसाखसा घासतो. मी पदर खोचून तशीच घासायला घेतली, आणि पाहता पाहता निम्म्या मांदेलीचा लगदा झाला.

आमचे मालक बाजूलाच उभे होते. म्हणाले, “काऊन इतकं घासून राह्यली? मासोळी हाय का तवा?”

मी त्यांच्यावर खेकसले. मग मलाच रडू आलं. एवढ्या लांबून आलेला घास मी हातानं घालवला होता.

तेवढ्यात सून बाहेर आली. लगदा पाहून हसली, कित्येक दिवसांनी. उरलेली मासळी तिनं हलक्या हातानं धुतली, तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवली, अंगणातल्या चुलीवर कुरकुरीत तळली, आणि काट्यासकट खाल्ली. मग आत जाऊन पडली.

आम्ही तिघं दाराबाहेर कान देऊन बसलो. आता ती मोरीकडे धावेल, आता धावेल. उन्हं उतरली. शेवटी दार उघडलं.

“आई, भाकरी लवकर टाकाल का? मला भूक लागलीये.”

मी परात ओढली आणि पिठात पाणी ओतत सुटले. सैल झालं, परत पीठ घातलं.